सहा आठवड्यांची खरखर

आधी एक कबूल करा, चहा तोंडात असताना हसायचं नाही. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि शर्ट खराब झाला तो माझा.

माणसाच्या हातून चूक होते ती घाईत होते, नकळत होते. माझी तसली नव्हती. मी सहा आठवडे अभ्यास करून, वहीत आकृत्या काढून, जेवणखाण विसरून चूक केली. पदवीधराची चूक होती हो ती! अडाणी माणसाला जमलीच नसती.

लोक अजून सीडीवर गाणी ऐकायचे, तेव्हाची गोष्ट. नांदेडला बीएस्सी करून मी कळमनुरीला परत आलो होतो. घरच्यांच्या मते मी नोकरी शोधत होतो. माझ्या मते मी संगीतात क्रांती करणार होतो, आणि ती फार तर दिवाळीपर्यंत उरकायची होती. मला थांबणं माहीतच नव्हतं.

उत्तममामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांची साउंड सर्व्हिस होती. लग्न असो, सभा असो, मामांचे स्पीकर ठरलेले. मामांचं उभं आयुष्य एकाच शत्रूशी लढण्यात गेलं होतं. त्या शत्रूचं नाव खरखर. जेवायला बसलेले असोत, दूर मांडवातून जराशी खरखर ऐकू आली की मामा पानावरून उठायचे. "पिन ढिली हाय," म्हणत पळायचे. परत येईपर्यंत वरणावर साय धरलेली असायची. लोक म्हणायचे, उत्तमचा सेट म्हंजी धुतलेल्या काचंवानी.

आणि माझं तत्त्वज्ञान बरोब्बर उलटं!

झालं असं, की मामांकडे एक कीबोर्ड होता आणि काठीनं वाजवायचा एक ऑक्टोपॅड. ते दोन्ही मी माझ्या खोलीत आणून कॉम्प्युटरला जोडले. पण आवाज? नुसता प्लास्टिकच्या फुलासारखा. दिसायला देखणा, वास शून्य. ढोल शंभर वेळा वाजवा, शंभर वेळा तोच, तसाच, कपाळावर आठी न पाडता वाजणार. मला राग यायचा.

मग हिंगोलीच्या नेट कॅफेत बसून वाचता वाचता मला साक्षात्कार झाला. सॅच्युरेशन! जुन्या यंत्रांत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, टेप असायची. त्यांच्यात मावेल त्यापेक्षा आवाज थोडा जास्त ढकलला की तो चेपतो, त्याच्या कडा गोल होतात, आत चार नवे सूर उमटतात आणि मेलेला ढोल श्वास घ्यायला लागतो. हे सगळं कॉम्प्युटरवर करणारं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. त्याला प्लग-इन म्हणतात. मी ते पेन ड्राइव्हवर घालून, छातीच्या खिशात ठेवून, बसमध्ये त्यावर हात ठेवून घरी आणलं.

आता "थोडा जास्त" म्हणजे किती? सगळा घोळ तिथंच आहे. त्या प्लग-इनमध्ये एक गोल बटण होतं आणि बटणामागं काचेच्या व्हॉल्व्हचं चित्र. बटण जेवढं फिरवाल तेवढा व्हॉल्व्ह लाल पेटायचा. अहो, असला दिवा समोर असताना बटण निम्म्यावर कोण ठेवील?

ढोलाला लावलं. छान वाटलं. कीबोर्डला लावलं. आणखी छान. मग दोन्ही मिळून एकदा लावलं. मग अख्ख्या धुनीला वरून आणखी एकदा. कानावर स्वस्तातला हेडफोन होता, त्यात खालचा ढम्म आवाज येतच नसे. आणि कान रोज सरावायचे, म्हणून रोज बटण सरकायचं. लोणच्याचं मीठ चाखणाऱ्या बाईचं होतं ना, दहाव्यांदा चाखताना जीभच बधिर होते, अगदी तसं.

इकडे मामांनी जुना सेट देऊन टाकला आणि औरंगाबादहून नवा आणला. आठ बॉक्स, दोन ॲम्प्लिफायर. मागं फिरायला आता जागा नव्हती. आमच्याकडे कुणी नवा सेट आणला की बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचून मैदानाच्या कडेला वाजवतात. गावोगावचे लोक बाजाराला आलेले असतात. ते ऐकतात, आणि ज्यांच्या घरी लग्न आहे ते तिथल्या तिथं तारीख धरतात. एका दिवसात अख्खी लग्नसराई ठरते. ठरली तर ठरली.

त्यातही मामांचं लक्ष एका माणसाकडे होतं. साखरा गावचे किसनराव. त्यांच्या दोन मुलींची लग्नं होती, आणि किसनराव हो म्हणाले की त्यांची सगळी भावकी त्यांच्यामागं त्याच सेटवर यायची.

"मामा," मी म्हणालो, "नव्या सेटवर पहिली धून आपली पाहिजे. मी केलेली. त्या घासलेल्या सिनेमाच्या सीड्या कशाला?"

मामांनी डोकं खाजवलं. "चांगली हाय का?"

"जीव ओतलाय मी तिच्यात."

"मंग आदल्या दिशी आण. लावून बगू."

"नाही! थेट बाजारातच ऐका."

बघा माझा थाट! खरं कारण असं, की आदल्या दिवशीही माझं बटण सरकवणं चालूच राहणार होतं. पण मामांचा माझ्यावर विश्वास. मामीकडे वळून म्हणाले, "शिकलेलं लेकरू हाय. त्याला बराबर कळतंय."

बाजाराचा दिवस उजाडला. ट्रॉलीवर आठ बॉक्स चार-चारच्या दोन भिंती करून रचले होते. समोर खुर्ची टाकून किसनराव, हातात चहा. मागं दोन-अडीचशे माणूस. कनेरगाव नाक्याचे रफिकभाईही आले होते. तेही साउंडवाले, म्हणजे मामांचे प्रतिस्पर्धी. मुद्दाम आपली पिकअप घेऊन आले होते, नवा सेट बघायला, आणि जमलं तर नावं ठेवायला. मामांनी पांढरा सदरा घातला होता. त्यांनी मेणबत्ती लावली, हात जोडले आणि मला खूण केली.

मी सीडी लावली.

पहिला ढोल पडला तो खर्रर्रर्र! दुसरा पडला तो त्याहून खर्रर्रर्र! कीबोर्डचे सूर आले ते असे, की जणू आठही बॉक्समध्ये कढया ठेवून कुणी भजी तळतंय. शेजारी बांधलेल्या शेळ्या दोरी ताणून दुसऱ्या टोकाला गेल्या.

मी डोळे मिटले. म्हटलं, वा! काय ऊब आहे! पण लगेच वाटलं, ऊब तर माझी आहे, मात्र तिच्यावर हे आणखी काय वाजतंय? डोळे उघडले तर मामांचा चेहरा पांढऱ्या सदऱ्यापेक्षा पांढरा.

"मामा," मी गंभीरपणे त्यांच्या कानात म्हणालो, "तुमच्या स्पीकरच्या पडद्याचा पेपर फाटलाय."

हो, मीच म्हणालो! मीच!

"नव्याचा?" मामांनी बॉक्सला कान लावला. रफिकभाई मात्र पुढं आले. "क्या उत्तमभाई, नया सेट लाए और खरखर भी साथ में लाए?"

किसनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "उत्तमराव, आमची गाडी चारला हाय. तवर नीट झालं तर बोलू. न्हाई तर मंग रफिकभाई हायेतच. पोरीचं लगीन हाय, असली खरखर कोण ऐकून घेतंय?"

आणि शोध सुरू झाला. मी कंबर कसून मामांच्या बाजूला उभा राहिलो. आधी पिना बदलल्या. मग वायरी. मग मी म्हणालो, अर्थिंग कमजोर असेल. मी स्वतः बाजारातून मिठाची पिशवी आणली, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि दोन घागरी पाणी ओतलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर सेट तपासायला काहीतरी वाजवायला हवंच ना? मामा म्हणायचे, "दुसरी सीडी लाव." मी म्हणायचो, "छे! हीच लावा. हिच्यात खालपासून वरपर्यंत सगळे सूर आहेत. दोष लगेच सापडेल."

आणि लगेच सापडायचा. खर्रर्रर्र!

मामांनी एकेक बॉक्स खोलायला घेतला. स्पीकरच्या दोन टोकांना पेन्सिल सेल टेकवला की धड पेपर "टप्प" असा आवाज करतो. मामा सेल टेकवायचे, कान लावायचे. टप्प. दुसरा, टप्प. आठही टप्प! मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन तसेच उकिडवे बसले. "येकबी फाटला न्हाई रे," ते म्हणाले, "मंग हे येतंय कुठून?"

मला त्यांची इतकी दया आली की माझ्यातला क्रांतिकारक जागा झाला. मी माइक घेतला.

"मंडळी! आज एका कष्टकरी माणसाची फसवणूक झाली आहे! शहरातल्या व्यापाऱ्यानं खेड्यातला माणूस म्हणून सदोष माल गळ्यात मारला आहे! ही नुसती खरखर नाही, हा सामान्य माणसाच्या कानावरचा अन्याय आहे!"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं काय होतं हे कॉलेजातल्या माझ्या मित्रांना विचारा. मी तिथंच एका जाहिरातीच्या कागदाच्या मागं ग्राहक मंचाला तक्रार लिहायला घेतली. खरखरीचं वर्णन तर असं बारीक केलं, की वकिलानं पाया पडावं. "ढोलाच्या ठोक्यामागे साधारण अर्धा क्षण टिकणारी, कढईत भजी सोडल्यासारखी." आडत्याकडून शाईचा पॅड आणला. "आम्ही खालील सह्या करणार, सदर खरखर स्वतःच्या कानांनी ऐकली आहे," असं लिहून चौदा लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. एका आजीनं विचारलं, "ह्याच्यानं निराधाराचा पगार चालू हुईल का रे?" मी म्हणालो, "न्याय चालू होईल आजी." तिनं काही न कळून अंगठा उमटवला.

एवढ्यात रफिकभाईंना राहवलं नाही. प्रतिस्पर्धी असले तरी जातिवंत कारागीर माणूस. "छोडो मियाँ, मेरे दो डब्बे लगाके देखो," म्हणाले आणि पिकअपमधून स्वतःचे दोन बॉक्स उतरवले. जोडले. मी सीडी लावली.

खर्रर्रर्र!

रफिकभाई किंचाळले. "अरे! मेरे भी फाड दिए! उत्तमभाई, ये तुम्हारे ॲम्प ने मेरे डब्बे खा लिए!"

"माझा ॲम्प नवा हाय!"

"तो मेरे डब्बे क्या बासी थे?"

दोघांनी एकमेकांच्या सदऱ्याला हात घालायचा तेवढा बाकी होता. मी मध्ये पडलो, कारण माझ्याकडे उत्तर तयार होतं. "थांबा! म्हणजे दोष विजेत आहे! लाइनच खराब आहे!" लगेच रफिकभाईंचा जनरेटर सुरू केला. त्यावरही खरखर. मी तक्रारीत एक कलम वाढवलं. नेमकं कुणाविरुद्ध ते ठरत नव्हतं, पण वाढवलं.

साडेतीन वाजले. किसनरावांनी धोतराचा सोगा झटकला आणि ते उठले. मामा ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसले होते. आठ बॉक्स पोटं उघडी टाकून, वायरी तशाच जोडलेल्या, मातीत मांडलेले. माणसाचं सगळं आयुष्य असं स्क्रू काढून ठेवलेलं बघवत नव्हतं हो. मी पुन्हा माइक घेतला. "मंडळी, धीर सोडू नका! लढाई अजून—"

तेवढ्यात मामी आली. डोक्यावर डब्याचं गाठोडं. ती गर्दीतून वाट काढत थेट माझ्यासमोर येऊन थांबली.

"येक मिनिट. परत बोल."

"काय बोलू?"

"जे बोलून राहिला व्हता तेच बोल."

"लढाई अजून संपलेली नाही!" मी माइकवर म्हणालो. आवाज मैदानभर घुमला.

मामी मामांकडे वळली. "अहो, मी पार वेशीपासून ऐकत आले. ह्येचं येक येक अक्षर घंटीवानी ऐकू येतंय. खरखर कुठाय? ह्ये बोंबलतंय तवा न्हाई, अन् ह्येचं गाणं लावलं की येती?"

माझ्या हातातला माइक एकदम जड झाला.

रफिकभाई पिकअपकडे गेले, आपली एक कव्वालीची सीडी आणली आणि लावली. काय सांगू! तबल्यावरचं बोटन् बोट मोजून घ्यावं असा आवाज. गाणाऱ्यानं मध्येच श्वास घेतला तोही बाजारभर ऐकू गेला. शेळ्या परत आल्या.

अडीचशे माणसांनी हळूहळू माना वळवल्या. माझ्याकडे.

मामांनी माझी सीडी उचलली. उन्हात धरली, सदऱ्याला पुसली, पुन्हा धरली. आणि मला न बघता किसनरावांना म्हणाले, "चरा पडलाय बगा हिच्यावर. लेकराची काय बी चूक न्हाई."

"असंल, असंल," किसनराव मान हलवत म्हणाले. "सीड्या लई बोगस येऊन राहिल्या आजकाल."

बघा! सुटलो होतो मी! मामांनी दार उघडून, पायपुसणं अंथरून दिलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. पण चरा? माझ्या सहा आठवड्यांच्या साधनेला चरा म्हणायचं? तुम्हाला वाटेल मी प्रामाणिकपणानं कबुली दिली. छे हो! निव्वळ अपमान झाला म्हणून बोललो.

"चरा नाही!" मी ओरडलो, आणि माइक अजून हातातच होता. "सीडी एकदम चांगली आहे! ती खरखर मी टाकलीय. मुद्दाम!"

किसनरावांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं बैलानं एकदम इंग्रजी बोलावं. "मुद्दाम? काहून?"

मी समजावायला लागलो. व्हॉल्व्ह, टेप, चेपलेल्या कडा, मेलेल्या ढोलात जीव. माइक चालूच असल्यामुळे सगळं मैदानभर अगदी स्वच्छ ऐकू जात होतं, हाच काय तो दुर्दैवाचा भाग.

सगळं ऐकून किसनरावांनी विचारलं, "हे कराया किती दिस लागले?"

"सहा आठवडे."

"सहा आठवडे? आमच्या टेपला तर आपोआप येती."

मग जो हशा उसळला तो थांबेचना. रफिकभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून कळवळून म्हणाले, "बेटा, बीस बरस हो गए, मैं खरखर निकाल रहा हूँ. और तू डाल रहा है?" सह्या करणारे चौदा जण माझ्याभोवती जमले. कुणाला सही परत हवी, कुणाला नाव खोडून हवं. ती आजी तर हात पुढं करून उभीच राहिली. "माझा अंगठा वापस दे." आता उमटलेला अंगठा वापस कसा देतात हे बीएस्सीला कुठं शिकवतात? मी सगळा कागदच तिला दिला. तिनं त्यात तंबाखू बांधली.

मामी म्हणाली, "स्क्रू उचल. आठी बॉक्स तूच बंद करायचे." मी मातीत बसलो. मामा किसनरावांकडे बघत होते, कारण चार वाजायला आले होते.

किसनराव ट्रॉलीजवळ आले. एका बॉक्सवर थाप मारली. "उत्तमराव, येक सांगू? मानलं तुमच्या सेटला. येवढी खरखर व्हती, पण कण न् कण निवडून दावला. लपवलं काहीच न्हाई. दोन्ही पोरींची लग्नं तुमच्याच सेटवर."

मामांनी डोळे पुसले. मी स्क्रू पिळता पिळता मान वर केली. म्हटलं, म्हणजे माझ्या धुनीमुळेच ना? तसं म्हणणारही होतो, पण किसनरावांनी आवाज खाली आणला.

"फकस्त येक इचारतो. राग मानू नका. हा भाचा संगं येणार न्हाई ना?"

"न्हाई," मामा म्हणाले. "त्याची जिम्मेदारी माझी."

त्या लग्नसराईत मामांचा सेट जिल्हाभर वाजला. किसनरावांची सगळी भावकी आली, भावकीचे सोयरे आले. प्रत्येक जण तारीख धरायचा, आणि जाता जाता मान वळवून तोच प्रश्न विचारायचा. मामा तेच उत्तर द्यायचे. शेवटी शेवटी तर लोकांनी विचारायच्या आधीच मामा सांगून टाकायचे, "सेट येतो, दोन माणसं येत्यात, भाचा येत न्हाई."

पुढं दोन वर्षांनी वसमतकडच्या एका घरचे लोक मामांकडे लग्नासाठी सेट सांगायला आले. सगळं ठरलं. मुलीचे वडील उठले, चपला घातल्या, आणि दारातून वळून म्हणाले, "मामा, लोक सांगतेत म्हणून इचारतो. तुमच्या भाच्यांपैकी त्यो खरखरवाला लग्नाला येणार न्हाई ना?"

मामांनी खाली मान घातली.

"ह्या टायमाला आणावाच लागंल पाव्हणं," ते म्हणाले. "नवरदेव त्योच हाय."